एक्सेलमधली हजेरी: नागपूरच्या दुकानदार-कारखानदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिशेब लिहिणं हा माझा धंदा. हिंगणा एमआयडीसीतल्या दोन शेड, इतवारीतलं एक ठोक दुकान, सदरमधलं एक छोटं ऑफिस आणि बुटीबोरीला रात्रपाळी चालवणारं एक युनिट, एवढ्यांच्या माणसांचे तास महिन्याकाठी माझ्या टेबलावर येतात. महिन्याच्या २८ तारखेपासून फोन सुरू होतात आणि प्रश्न दर वेळी तेच असतात. म्हणून एकदाची उत्तरं लिहून काढली. एक्सेल म्हटलंय तरी बहुतेक गोष्टी गूगल शीट्सलाही लागू आहेत. जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे.

मस्टरवर रोज सह्या होतात. मग शीट कशाला?

पगार सरळ रोजावर असेल, ओटी (ओव्हरटाइम, म्हणजे जादा तास) नसेल, अर्ध्या दिवसातून कोणी जात नसेल, तर मस्टर पुरेसं आहे. उगाच कॉम्प्युटर घेऊन बसू नका. मस्टर सांगतं की माणूस आला. तो किती वाजता आला आणि किती वाजता गेला, हे मस्टरला माहीत नसतं. तुमचे वाद ‘आला की नाही’ यावर होत असतील तर मस्टर बघा, ‘किती वेळ होता’ यावर होत असतील तर शीट करा.

शीटमध्ये नेमकं काय लिहायचं?

आल्याची वेळ आणि गेल्याची वेळ. तास लिहायचे नाहीत.

माझं सगळ्यात जास्त भांडण याच एका गोष्टीवरून होतं. सुपरवायझर संध्याकाळी बसतो आणि प्रत्येकाच्या नावापुढे ८, ८, ९, ८ असे आकडे टाकतो. तो ९ कुठून आला हे पुढच्या आठवड्यात त्यालाही सांगता येत नाही. तास ही त्याची समजूत असते, वेळ ही झालेली गोष्ट असते. वेळ लिहिलेली असली की उशीर, जेवणाची सुट्टी, ओटी सगळं नंतर काढता येतं. नुसते तास लिहिले असतील तर त्यातून वेळ परत निघत नाही.

माझ्या शीटचे रकाने असे: तारीख, टोकन नंबर, नाव, आला, जेवायला गेला, परत आला, गेला, शेरा. हे हातानं भरायचे. त्यापुढे फॉर्म्युल्याचे तीन: कामाचे तास, पसारा (पहिल्या येण्यापासून शेवटच्या जाण्यापर्यंतचा सगळा वेळ) आणि ओटी. त्यांना मी फिका राखाडी रंग देतो, म्हणजे तिथे कोणी बोट लावत नाही. टोकन नंबर लहान जागेतही ठेवा. एका शेडमध्ये एकाच नावाचे तिघं होते आणि तिघांची उचल एकाच्याच पगारातून कापली गेली होती.

मस्टरसारखे ३१ आडवे रकाने करू की खाली खाली ओळी वाढवत जाऊ?

ओळी वाढवा. एक माणूस, एक दिवस, एक ओळ.

आडवं मस्टर डोळ्यांना बरं वाटतं, कारण वडिलांच्या काळापासून वही तशीच आहे. पण त्या वहीच्या एका चौकटीत एक ‘ह’ मावतो, चार वेळा मावत नाहीत. मग लोक चौकटीत ‘९ ते ६’ असं लिहितात आणि एक्सेलच्या लेखी ते फक्त अक्षरं असतात, त्यांची बेरीज होत नाही. ओळी संपतील ही भीतीही नको. १२ माणसं, महिन्याला २६ दिवस, वर्षाच्या झाल्या ३,७४४ ओळी. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी असतात. मालकाला जुन्या सवयीचं आडवं मस्टर बघायचंच असेल तर याच यादीवरून पिव्होट टेबल काढून द्या: नावं उभी, तारखा आडव्या, मधे तास. दोन मिनिटांचं काम आहे. आडव्या मस्टरवरून यादी करायला मात्र अख्खी दुपार जाते.

साडेआठ तास म्हणजे ८.३० की ८:३०?

८:३०. मधे दोन टिंबं, एक नाही.

एक हिशेब जवळून बघा. एका वेल्डरनं २६ दिवस रोज साडेआठ तास काम केलं. सुपरवायझरनं प्रत्येक दिवशी ८.३० टाकलं. एक्सेलनं बेरीज केली २१५.८०. खरे तास २२१. एक्सेलला ८.३० म्हणजे आठ पूर्णांक तीन दशांश तास, म्हणजे ८ तास १८ मिनिटं. रोजची १२ मिनिटं गेली, महिन्याची ५ तास १२ मिनिटं. तासाला ८० रुपये दर धरला तर ४१६ रुपये त्या माणसाच्या खिशात पोहोचलेच नाहीत, आणि कोणी चोरीही केली नाही. मी हे दाखवलं तेव्हा सुपरवायझर म्हणाला, “भाऊ, मी तं रोज बरोबरच टाकून राह्यलो!” त्याचंही खोटं नव्हतं. आपण बोलताना ‘आठ तीस’च म्हणतो.

दशांशातच लिहायचं असेल तर ८.५ लिहा. पण शेडवर पाच जणांना हे समजावण्यापेक्षा दोन टिंबं समजावणं सोपं जातं.

रोजचे तास बरोबर दिसतात, पण महिन्याची बेरीज ५:०० येते. फाइल बिघडली का?

फाइल ठीक आहे. एक्सेलच्या पोटात वेळ म्हणजे दिवसाचा तुकडा. एक पूर्ण दिवस म्हणजे १, दुपारचे बारा म्हणजे ०.५, सकाळचे सहा म्हणजे ०.२५. बेरीज २४ तासांपुढे गेली की साध्या वेळेच्या फॉरमॅटमध्ये ती घड्याळासारखी पुन्हा शून्यापासून फिरते. २२१ तास म्हणजे ९ दिवस आणि ५ तास. नऊ दिवस तो गिळतो आणि ५:०० दाखवतो. आठवड्याचे बरोबर ४८ तास भरले तर ०:०० दिसतं, आणि मालक माझ्याकडे संशयानं बघतात.

उपाय: बेरजेच्या सेलवर जा, फॉरमॅट सेल्स उघडा, टाइमच्या यादीत ३७:३०:५५ असा एक नमुना दिसेल तो निवडा. तो २४ च्या पुढे मोजतो. गूगल शीट्समध्ये फॉरमॅट, नंबर, ड्युरेशन.

तासांना दरानं गुणलं तर दिवसाचे २८ रुपये येतात!

वरचंच कारण. साडेआठ तास एक्सेलच्या पोटात ०.३५४ आहेत. त्याला ८० नं गुणलं की २८ रुपये ३३ पैसे. आधी २४ नं गुणा, मग दरानं: ६८० रुपये. सेलचा फॉरमॅट नंबर ठेवायला विसरू नका, नाहीतर पगाराच्या जागीही घड्याळ दिसेल.

रात्रपाळीचे तास काढले की हॅशच्या चिन्हांची रांग लागते.

रात्री १० ला आला, सकाळी ६ ला गेला. ६ मधून २२ वजा केले की उत्तर शून्याच्या खाली जातं आणि एक्सेल उणे वेळ दाखवत नाही, रांग दाखवतो. लोकांना वाटतं रकाना अरुंद झाला, म्हणून ते तो ओढत बसतात. मॉड नावाचं फंक्शन वापरा: पहिल्या जागी ‘गेल्याची वेळ वजा आल्याची वेळ’, दुसऱ्या जागी १. उत्तर ८ तास. दिवसपाळीलाही हाच फॉर्म्युला चालतो, म्हणून सगळीकडे एकच ठेवा.

यात एक खड्डा आहे. चौकीदार सकाळी ८ ला आला, बदली आला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ८ पर्यंत थांबला, तर मॉडचं उत्तर येतं शून्य. चोवीस तास जागलेल्या माणसाची हजेरी शून्य! अशा डबल ड्युटीच्या ओळीत दोन्ही सेलमध्ये तारखेसकट वेळ लिहा आणि साधी वजाबाकी करा.

आणि रात्रपाळी कोणत्या तारखेची? ती सुरू झाली त्या तारखेची. ३१ च्या रात्रीची पाळी ३१ च्याच ओळीत. हा नियम एकदा ठरवा आणि भिंतीवर लावा, नाहीतर ती रात्र दोन्ही महिन्यांत तरी मोजली जाते किंवा कुठेच नाही.

उन्हाळ्यात आम्ही दुपारी काम बंद ठेवतो. ते शीटमध्ये कसं बसवायचं?

मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी दोनला वेल्डिंग करायला कोणाला लावू नये, हे इथे कोणी सांगायची गरज नाही. साडेसहा ते साडेअकरा आणि साडेतीन ते साडेसहा अशी वेळ बऱ्याच जागी असते. वर सांगितलेले चार रकाने इथे कामी येतात. ‘जेवायला गेला’च्या जागी साडेअकरा, ‘परत आला’च्या जागी साडेतीन. ५ अधिक ३, झाले ८ तास.

पण पसाऱ्याचा रकाना बघा. पहिल्या येण्यापासून शेवटच्या जाण्यापर्यंत १२ तास झाले. कायदा फक्त कामाचे तास मोजत नाही, हा पसाराही मोजतो. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये विश्रांती धरून साडेदहा तासांची मर्यादा होती आणि ती वाढवायला मुख्य निरीक्षकाची लेखी परवानगी लागत असे. उन्हामुळे, माणसांच्या भल्यासाठी वेळ बदलली तरी हा मुद्दा उरतोच. वेळापत्रक लावायच्या आधी तुमच्या लेबर कन्सल्टंटला विचारून घ्या.

ओटी कशी काढायची?

रोजच्या रोज काढायची, महिन्याच्या शेवटी एकदम नाही. समजा दिवसाची मर्यादा ९ तास आहे. सोमवारी माणूस ११ तास थांबला, मंगळवारी घरी पाहुणे म्हणून ६ तासांत गेला. दोन दिवसांची बेरीज १७, मर्यादा १८, म्हणून ओटी शून्य? नाही. सोमवारची २ तास ओटी झालेली आहे, मंगळवारनं ती खाऊन टाकायची नाही. फॉर्म्युल्यात मॅक्स फंक्शन घाला: शून्य किंवा ‘तास वजा मर्यादा’, यातलं जे मोठं ते. मॅक्स नसेल तर मंगळवारचे उणे ३ तास गुपचूप बेरजेत जातात. हा घोळ मी इतक्या फायलींत पाहिलाय की नवी फाइल उघडली की आधी हाच सेल बघतो. आठवड्याची बेरीज वेगळी ठेवा, कारण आठवड्याचीही मर्यादा असते.

आता मर्यादा किती? १९४८ च्या कारखाने अधिनियमात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास, त्यापुढे दुप्पट दर. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ चा, त्यातही मूळ आकडे ९ आणि ४८ च, आणि दर दुप्पटच. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं दिवसाची मर्यादा वाढवणाऱ्या बदलांना मंजुरी दिली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. थोडक्यात, आकडे हलतात. म्हणून ९ हा आकडा फॉर्म्युल्यात लिहू नका. ‘सेटिंग’ नावाचं वेगळं पान करा, त्यात दिवसाची मर्यादा, आठवड्याची मर्यादा, ओटीचा गुणक असे तीन सेल ठेवा आणि फॉर्म्युले तिकडे बोट दाखवू देत. नियम बदलला की एक सेल बदलायचा. जुन्या महिन्यांची फाइल मात्र वेगळी ठेवा, नाहीतर मागचे पगारही बदलून बसतील.

दुप्पट कशाच्या, हाही प्रश्न येतो. कारखाने अधिनियमात ती मूळ पगार अधिक भत्ते यांच्या दुप्पट होती. नुसत्या बेसिकवर ओटी काढणारे बरेच आहेत.

९ वाजून ७ मिनिटांनी आला. ९ धरू की सव्वानऊ?

९:०७ धरा. मिनिटं मोजायला एक्सेलला वेगळी मजुरी द्यावी लागत नाही. राउंड करायचंच असेल तर येताना आणि जाताना एकाच पद्धतीनं करा. येताना पुढे ढकलायचं आणि जाताना मागे ओढायचं, हा प्रकार कामगार पहिल्याच पगाराला ओळखतात.

तारखा उलट्यासुलट्या का होतात?

५ जूनची ६ मे झाली असेल तर शीट अमेरिकी पद्धतीनं, महिना आधी धरून वाचतेय. १२ तारखेपर्यंत हे लक्षात येत नाही. १३ पासून तेरावा महिना नसल्यामुळे ती तारीख नुसती अक्षरं होऊन डावीकडे चिकटते. हीच खूण: खरी तारीख आणि खरी वेळ सेलच्या उजवीकडे असते, अक्षरं डावीकडे. गूगल शीट्समध्ये फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये लोकेल भारत करा. एक्सेल विंडोजची रिजन सेटिंग वापरतं, ती बघा.

शीट मराठीत ठेवली तर चालेल?

उत्तम चालेल. शीर्षकं, शेरा, ‘हजर’, ‘खाडा’, ‘रजा’ सगळं मराठीत ठेवा, एखादा शब्द किती वेळा आला ते मोजणारं काउंटइफ फंक्शन मराठी शब्दही मोजतं. फक्त हातानं टाइप करू देऊ नका, ड्रॉपडाउन द्या. ‘खाडा’च्या मागे एक रिकामी जागा राहिली की तो काउंटइफला वेगळा शब्द वाटतो आणि माणूस फुकटात हजर होतो. वेळेचे आणि तारखेचे आकडे इंग्रजी कीबोर्डनं टाका.

वेळ कोणी टाकायची? आपोआप नाही का पडणार?

गेटवर जो असतो त्यानं, त्याच क्षणी. कंट्रोल, शिफ्ट आणि अर्धविरामाची कळ एकत्र दाबली की आत्ताची वेळ सेलमध्ये पक्की बसते. नुसतं कंट्रोल आणि अर्धविराम दाबलं तर आजची तारीख.

पहिल्या वर्षी मी हुशारी केली होती. प्रत्येकाच्या ‘आला’ सेलमध्ये नाऊ फंक्शन घालून ठेवलं, म्हणजे वेळ आपोआप यावी. आली. फाइल परत उघडली की नाऊ पुन्हा मोजतं, हे मला माहीत नव्हतं. शनिवारी फाइल उघडली तेव्हा आठवडाभर सगळे जण शनिवारी दुपारी ४:१२ ला आलेले होते. त्या आठवड्याचे तास मी गेटवरच्या चहावाल्याला विचारून लिहिले.

पोळा, मारबत, अधिवेशन... या दिवशी उशीर झाला तर?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत निघते तेव्हा महाल-इतवारीत दुचाकी घालायचीही सोय नसते. दसऱ्याला दीक्षाभूमीकडे जाणारे रस्ते भरलेले असतात. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असलं की मोर्चे आणि बॅरिकेड. त्या दिवशी माणूस ११ ला पोहोचला तर ‘आला’मध्ये ११ च लिहा आणि शेऱ्यात ‘मारबत, रस्ता बंद’. मालकाला सूट द्यायची असेल तर ‘सूट’ म्हणून एक रकाना ठेवा आणि त्यात दोन तास टाका. वेळेचा सेल बदलून ९ करू नका. दया दाखवायची तर ती दिसेल अशी दाखवा, पुढच्या वर्षी तिचा दाखला लागतो.

कोणी मागून आकडे बदलले तर कळेल का?

गूगल शीट्समध्ये कळतं. सेलवर राइट क्लिक करून एडिट हिस्ट्री बघा: कोणी, कधी, आधी काय होतं. पण सगळे एकाच लॉगिननं काम करत असतील तर सगळे बदल एकाच नावावर पडतात, आणि बहुतेक ठिकाणी तेच असतं. एक्सेलचं प्रोटेक्ट शीट हे चुकून हात लागू नये म्हणून आहे, मुद्दाम करणाऱ्यासाठी ते कुलूप फार कच्चं आहे. मी आठवड्याची प्रिंट काढतो आणि प्रत्येकाची सही घेतो. कागद अजून गेलेला नाही.

शीट सगळ्यांना शेअर केली तर एकमेकांचे पगार दिसतील ना?

दिसतील. तासांची फाइल आणि पगाराची फाइल वेगळ्या ठेवा. पगाराचं पान ‘हाइड’ केलं म्हणजे झाकलं गेलं, असं समजू नका, फाइलची कॉपी काढून ते उघडता येतं. तासांची फाइल मात्र सगळ्यांना बघू द्या, निदान फक्त बघण्यापुरती.

अंगठ्याचं मशीन आहे. मग शीट हवी का?

मशीन पंच देतं, हिशेब तुम्हालाच करायचाय. एकानं दोनदा अंगठा लावला, दुसऱ्याचा अंगठा सिमेंटनं झिजल्यामुळे लागलाच नाही, तिसरा जाताना विसरला. ते सगळं निस्तरायला शीट लागतेच. मशीनच्या फाइलमधल्या वेळा अनेकदा अक्षरं म्हणून येतात. डावीकडे चिकटल्यात का, आधी बघा.

किती माणसांपर्यंत एक्सेल पुरतं?

माझ्या अनुभवात एक जागा, एक गेट, पंचवीसेक माणसं. दुसरी जागा सुरू झाली आणि माणसं इकडून तिकडे जाऊ लागली की सॉफ्टवेअरचा खर्च वसूल होतो.

कामगार म्हणतो माझे तास कमी लागलेत. काय करू?

आधी त्याच्याकडे काय नोंद आहे ते बघा. अनेकांकडे असते, आपण विचारत नाही. एका फिटरच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याची बायको दुधाच्या हिशेबाखालीच तो शेडवरून किती वाजता सुटला ते त्याला विचारून लिहायची. तो कॅलेंडरचं पान गुंडाळून घेऊन आला. आम्ही शीट शेजारी ठेवून एकेक तारीख जुळवली. अकरा तारखेपर्यंत सगळं जुळलं. बाराला शीटमध्ये १८:४०, कॅलेंडरवर ८:४०. त्या दिवशी ट्रक भरायला उशीर झाला होता, गेटच्या वहीत ट्रक सुटल्याची वेळ साडेआठ होती. टाकणाऱ्यानं ८ वाचून १८ केलं होतं. सेल बदलला, शेऱ्यात लिहिलं: ‘१२ ता., गेला १८:४० ऐवजी २०:४०, गेटवही पाहून’. खाली दोघांची सही घेतली आणि दोन तासांची ओटी पुढच्या पगारात लावली.